राहणं-जेवण फुकट, आणि पगार?

"आई, मी इथेच थांबतेय थोडे दिवस. काम मिळालंय मला."

२०२४ च्या जून महिन्यातली ही गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले असतील. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरीची वाट बघत मी बचत गटाच्या वह्या घेऊन ओट्याशीच उभी होते. तेवढ्यात धाकट्या लेकीचा फोन आला. आवाज मधूनमधून तुटत होता. पुण्यातली नोकरी एप्रिलमध्ये सोडून, दोन मैत्रिणींबरोबर ती हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात दहा दिवसांसाठी गेली होती. मैत्रिणी परत निघाल्या आणि ही तिथेच थांबली!

"काम? कसलं काम?"

"एका कॅफेत गं. वर चार-पाच खोल्या पण आहेत. पाहुण्यांचं सगळं बघायचं. ऑर्डर घ्यायच्या, नाश्त्याचं बघायचं, खोल्या आवरायच्या."

"आणि पगार?"

"राहणं-जेवण फुकट आहे ना! शिवाय टिप मिळते. आणि अनुभव किती मस्त, आई. खिडकीतून थेट डोंगर दिसतात."

फोन तुटला. तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली, पाचवी झाली. डाळीचं पार पिठलं झालं तेव्हा मी भानावर आले.

मैत्रिणींनो, खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार तिच्या पगाराचा आला नाही, सुरक्षिततेचाही आला नाही. पहिला विचार आला तो लोकांचा. पदवीधर मुलगी, आणि परक्या गावात लोकांच्या चादरी बदलतेय, उष्टे कप उचलतेय! संध्याकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, धाकटी आली का फिरून?" तर माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "नाही हो काकू, तिथे टुरिझमचा एक प्रोजेक्ट करतेय."

प्रोजेक्ट! दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला मी पाचोऱ्यातल्या बायकांसमोर उभी राहून श्रमप्रतिष्ठेवर बोलते. कुठलंही काम हलकं नसतं, असं सांगते. टाळ्याही मिळतात. आणि स्वतःच्या मुलीने ते काम धरलं तर मी त्याला इंग्रजी नाव देऊन मोकळी झाले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमच्यापैकी अनेकींच्या घरी आज ना उद्या असा फोन येणार आहे. मुली आता एकट्या-दुकट्या फिरायला जातात. फिरता फिरता कुठे मन रमतं, तिथे काम मिळतं आणि त्या थांबतात. डोंगरातली गावं, बौद्ध मठांची गावं, समुद्रकाठची गावं, जिथे म्हणून पर्यटक जातात तिथे हंगामापुरती माणसं लागतातच. म्हणून हा अनुभव लिहिते आहे. मुलींना भीती घालायला नाही, आणि 'बघा आमची लेक कशी धाडसी' म्हणून मिरवायलाही नाही.

त्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको तिला भेटायला गेलो. तोवर तिने जागा बदलली होती. 'आता मी ताबोला आहे, एका होमस्टेमध्ये' एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं. का बदलली, ते काही सांगितलं नव्हतं.

ताबो म्हणजे कुठे, हे मलाही नकाशात शोधावं लागलं. भुसावळहून रेल्वेने दिल्ली, पुढे चंदीगड, सिमला, रामपूर करत किन्नौर जिल्ह्यातल्या रेकाँग पिओपर्यंत बस. तिथे एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी काझाला जाणारी सरकारी बस. खाबला सतलज आणि स्पिती या नद्यांचा संगम लागतो. तिथून पुढे झाडं जवळजवळ संपतातच. दोन्हीकडे उघडे-बोडके डोंगर आणि खाली पाण्याची एक रेघ. रस्ता असा, की मी खिडकीबाहेर बघणंच सोडून दिलं. नाको गावाजवळ डोकं ठणकायला लागलं. ताबो दहा हजार फुटांच्याही वर आहे. आपल्या कळसूबाईची उंची जवळपास दुप्पट केली की ताबो येतं.

गाव लहानसं. मातीची सपाट धाब्याची घरं, सफरचंदांच्या बागा, आणि मधोमध मातीच्याच भिंतींचा एक मठ. बाहेरून बघितलं तर एखादं जुनं धान्याचं कोठार वाटावं. पण हा मठ इसवी सन ९९६ मधला. त्याला हजार वर्षं झाली तेव्हा, १९९६ मध्ये, दलाई लामा इथे कालचक्र विधीसाठी आले होते. आत दिवे नाहीत. टॉर्च घेऊन जायचं, फोटो काढायचे नाहीत. डोळे अंधाराला सरावले की भिंतींवरच्या माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती आणि चित्रं एकेक करून दिसू लागतात. ताबोला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात. आमच्या पाचोऱ्यापासून अजिंठा दीडेक तासावर, त्यामुळे मला उगीचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

मठात एक गोष्ट बघितली ती मात्र चित्रांपेक्षा जास्त लक्षात राहिली. मागच्या बाजूला तरुण लामा बसून मोठाली पातेली घासत होते. हसत-खिदळत, बाह्या वर करून. आलेल्या माणसाला चहा देणं, त्याचा कप विसळणं, यात कुणाला कमीपणा नव्हता. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी लगेच दुसरीकडे बघितलं!

लेकीचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होत होता. मठातली सकाळची प्रार्थना ऐकायला पाहुण्यांना जायचं असतं, त्याआधी त्यांना चहा हवा. तिकडे खोलीच्या मध्यभागी पत्र्याची शेगडी असते, तिला तंदूर म्हणतात. ती पेटवायची, पाणी तापवायचं, मग नाश्ता. पाहुणे बाहेर पडले की खोल्या झाडायच्या, जाडजूड रजया उन्हात टाकायच्या, पाणी भरायचं. तिथले पारंपरिक संडास कोरडे असतात. पाणी टाकायचं नाही, वर माती आणि राख टाकायची, पुढे त्याचं शेतासाठी खत होतं. पाणी कमी आणि हिवाळ्यात नळ गोठतात, अशा जागी ही पद्धत अगदी शहाणपणाची. पण शहरातून आलेल्या पाहुण्याला ते समजावून सांगायचं, आणि त्याने नाक मुरडलं तरी हसत राहायचं, हेही तिच्याच कामात. रात्री जेवणं उरकून भांडी होईपर्यंत साडेनऊ. मोबाईलवर तिने पाठवलेल्या फोटोंमध्ये यातलं काहीच नव्हतं. फोटोत नुसते डोंगर होते.

घराची मालकीण साठीच्या आसपासची. लेक तिला 'आमा' म्हणते. तिकडे आईला आमा म्हणतात. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी मराठी येत नव्हती, पण दोघींचं हिंदी सारखंच मोडकं असल्यामुळे छान जमलं. संध्याकाळी तिच्याबरोबर मोमोच्या पाऱ्या लाटताना ती म्हणाली, "तुम्हारी बेटी का हाथ अच्छा है." मी म्हटलं, आमच्याकडे पोळ्या लाटून लाटून होतो तसा.

तिच्याकडून कळलं ते असं. त्या भागातल्या जुन्या रीतीप्रमाणे घर आणि जमीन थोरल्या मुलाकडे जायची, धाकटे मुलगे बरेचदा मठात जायचे. मुलींच्या नावावर जमीन नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, पण अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही. तिथे रूढीच चालते. म्हणजे आमाने आयुष्यभर ज्या शेतात जव आणि मटार पिकवले, ते तिच्या नावावर कधीच नव्हतं. "मेहमान का पैसा मेरे खाते में आता है," ती म्हणाली. हे सांगताना तिने छातीवर हात ठेवला होता. आपल्याकडे कोकणात 'निवास व न्याहारी' योजना आहे, त्यात घरच्या बायका राबतात. तिथल्या किती जणींच्या खात्यात पैसे जमा होतात, असा प्रश्न माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

रात्री आम्ही दोघी मायलेकी एका रजईत. बाहेर कडाक्याची थंडी. तेव्हा अंधारात ती बोलायला लागली.

पहिल्या जागी ती सहा आठवडे होती. मालक मैदानी भागातला, जागा भाड्याने घेऊन हंगामापुरता धंदा करणारा. त्याने 'व्हॉलंटिअर' म्हणून ठेवलं होतं, कामगार म्हणून नाही. सांगितले होते दिवसाचे पाच तास, प्रत्यक्षात व्हायचे बारा-तेरा. सुट्टी एकही नाही. टिपेचा डबा मॅनेजरकडे. तिची खोली म्हणजे स्वयंपाकघरालगतची कोठी, जिला आतून कडीच नव्हती. "बसवतो, बसवतो" म्हणत सहा आठवडे गेले. मॅनेजर दोनदा रात्री 'फ्रीजमधून दूध घ्यायचंय' म्हणून आत आला. तिसऱ्या रात्रीपासून ती दाराला बटाट्याचं पोतं लावून झोपायची.

"मग फोन का नाही केलास गं?"

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "तू म्हणाली असतीस, ताबडतोब घरी ये. आणि तू सगळ्यांना सांगितलं होतंस ना, प्रोजेक्ट करतेय म्हणून. मला वाटलं, तुला माझ्या कामाची लाज वाटते. तर कामातला त्रास तुला काय सांगणार?"

मैत्रिणींनो, त्या बटाट्याच्या पोत्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. आमच्या समुपदेशन केंद्रात आलेल्या प्रत्येक पोरीला मी विचारते, "घरी का नाही सांगितलंस?" उत्तर नेहमी हेच असतं, वेगवेगळ्या शब्दांत. माझ्या घरातही तेच होतं.

शेवटी एका सकाळी तिने बॅग उचलली, बस पकडली आणि ताबोला आली. जूनमध्ये मैत्रिणींबरोबर ती आमाकडेच राहिली होती. आमाने विचारलं, काम करशील का? ही म्हणाली, हो, राहायला-जेवायला मिळालं तरी पुरे. त्यावर आमा म्हणाली, "मुफ्त में तो मैं अपनी बहू से भी नहीं करवाती." महिना सोळा हजार रुपये ठरले, राहणं-जेवण वेगळं, आठवड्याला एक दिवस सुट्टी. आणि खोलीच्या दाराला आतून चांगली लोखंडी कडी. लेकीने ती कडी मला दोनदा लावून दाखवली.

आता यावर माझं मत काय, ते सांगते.

'राहणं-जेवण फुकट' हे शब्द ऐकले की आपल्या मुलींना ते उपकार वाटतात. का वाटतात? कारण आपण त्यांना तेच शिकवलं. चार माणसांचं जेवण, पाहुण्यांची ऊठबस, अंथरुणं-पांघरुणं, याला काही किंमत असते हे त्यांनी घरात कधी बघितलंच नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आलं आहे की, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, आणि पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास! हे पाच तास कुणाच्या वहीत लिहिले जात नाहीत. मग तेच काम एखाद्या हॉटेलवाल्याने फुकट मागितलं, तर त्यात काही गैर आहे असं मुलीच्या डोक्यातच येत नाही. 'अनुभव', 'व्हॉलंटिअर' हे फक्त नवे शब्द. आत आपलंच जुनं बिनपगारी काम. आणि ज्याच्या दारात पाहुणा खोलीचे पैसे देऊन उतरतो, त्याच्याकडे चादर बदलणारीला द्यायला पैसे नाहीत, हे कसं पटावं?

काही जणी म्हणतील, अहो, मुली मजा म्हणून करतात, पैशासाठी नाही. करू देत ना! एखाद्या मठात, शाळेत, खरोखर सेवा म्हणून चार दिवस काम करावं, त्याला माझी ना नाही. पण जिथे धंदा आहे तिथे सेवा नसते, नोकरी असते. शिवाय एकीने फुकट काम केलं की दुसरीचा पगार पडतो, हे विसरू नका. त्या खोऱ्यातल्या स्वयंपाकघरांत नेपाळमधून आलेली माणसं काम करतात, रस्त्यावर झारखंडच्या बायका पाठीला लेकरू बांधून खडी फोडताना मी बसमधून बघितल्या. त्यांना फिरायची हौस नाही, त्यांना घरी पैसे पाठवायचे असतात. आपली हौशी मुलगी फुकट राबायला तयार आहे म्हटल्यावर पोटासाठी आलेल्या बाईला मालक काय देणार?

दुसरी गोष्ट आपल्या बोलण्याची. कुणाचा मुलगा क्रूझवर वेटर असला तर आपण कौतुकाने सांगतो, "आमचा बोटीवर असतो." आणि मुलगी होमस्टेमध्ये असली की आवाज खाली जातो. हे काम हलकं नाही. माणसं ओळखायची, वेळा सांभाळायच्या, हिशेब ठेवायचा, रागावलेल्याला शांत करायचं, आजारी पडलेल्याची उस्तवार करायची. हे सगळं आपण जन्मभर करतो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही इतकंच.

तेव्हा मुलीचा असा फोन आला तर "परत ये" हे पहिलं वाक्य नको. पहिल्यांदा विचारा, पगार किती आणि तो कुठल्या तारखेला. किमान वेतन राज्य सरकार ठरवतं, आणि हॉटेलात काम करणारीलाही ते मागता येतं. कामाचे तास किती, सुट्टी कधी, हे कागदावर नसलं तर निदान मोबाईलवर मालकाकडून लिहून घ्यायला सांगा. नुसत्या तोंडी बोलण्याला नंतर काही आधार राहत नाही. खोली कुठे आहे, आणि दाराला आतून कडी आहे का? संडास-न्हाणीघर कुणाबरोबर वापरायचं? टिपेचे पैसे कसे वाटतात? ओळखपत्र मालकाला दाखवावं, झेरॉक्स द्यावी, मूळ प्रत त्याच्या ताब्यात देऊ नये. आणि सोडायचं ठरलं तर तिथून निघणारी बस किती वाजता असते, हे तिला पहिल्या दिवशीच माहीत हवं. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे बाजूला हवेत. त्यांना अजिबात हात लावायचा नाही.

इतक्या उंचीवर काम असेल तर तब्येतीचंही बघायला हवं. किन्नौरमार्गे गेलं की चढ हळूहळू होतो, अंगाला सवय होते. मनालीकडून गेलं तर साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड ओलांडावी लागते, ते एकदम अंगावर येतं. पोहोचल्यावर पहिले एक-दोन दिवस विश्रांती हवीच, ती पाहुण्याला हवी तशी कामाला आलेल्या मुलीलाही हवी. डोकं फार दुखतंय, उलट्या होताहेत, धाप लागतेय, तर 'होईल बरं' म्हणून ओझी उचलत राहायचं नाही, खाली उतरायचं. ताबोहून मोठा दवाखाना काझाला, म्हणजे ४७ किलोमीटरवर. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते. म्हणजे हंगाम कधी संपतो आणि आपण कधी निघायचं, तेही आधीच ठरवलेलं बरं.

आणि कायद्याची एक गोष्ट प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसातल्या बायकांसाठी आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाही. हंगामी, रोजंदारीवरची, इतकंच काय, बिनपगारी 'व्हॉलंटिअर' म्हणून काम करणारीसुद्धा त्यात येते. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तिथे मालकाची समिती नसते, पण जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांच्या आत करायची. तक्रार घ्यायला तालुक्याला नोडल अधिकारी नेमायचा, असंही कायद्यात आहे. स्पितीचं जिल्ह्याचं ठिकाण केलाँग, ते कुंझुमच्या पलीकडे. तिथवर कुठली मुलगी जाणार? पण काझाला अतिरिक्त उपायुक्तांचं कार्यालय आहे. शिवाय ११२ आणि १८१ हे नंबर आहेतच. हे सगळं मला माहीत होतं. केंद्रात रोज सांगते मी. माझ्या मुलीला मात्र कधी सांगितलं नव्हतं. घरच्यांना गृहीत धरतो ना आपण!

मी तिला विचारलंही, त्या मॅनेजरची तक्रार करायची का? ती म्हणाली, विचार करते. आम्ही परत आल्यावर आठ दिवसांनी तिचा फोन आला. तिने सगळं तारीखवार लिहून काझाच्या कार्यालयात दिलं होतं. आमा तिच्याबरोबर गेली होती. पुढे काय झालं? फारसं काही नाही. हंगाम संपला, तो माणूस निघून गेला. पण कागद दिला गेला, त्याची पोच लेकीकडे आहे. त्या जागी पुढच्या वर्षी कामाला येणाऱ्या मुलीसाठी तरी तो कागद तिथे असेल.

ऑक्टोबरच्या शेवटी ती घरी आली. पिशवीत वाळवलेले जर्दाळू होते, ओठ फुटलेले, हात खरखरीत, आणि बँकेत स्वतःचे पैसे. तिच्या आजीने ते हात हातात घेऊन बघितले आणि म्हणाल्या, "माझ्यासारखे झाले की गं." सासूबाईंनी जन्मभर खळ्यावर आलेल्या माणसांना भाकरी घातल्या, त्यांना कुणी कधी विचारलं नाही, किती घेणार म्हणून. २०२५ च्या उन्हाळ्यात लेक पुन्हा ताबोला गेली. निघण्याआधी पगार, तास, सुट्टी हे सगळं आमाशी फोनवर बोलून ठरवलं. आमाने या वेळी दोन हजार वाढवले.

शेजारच्या काकूंनी परवा पुन्हा विचारलं, "धाकटीचं ते प्रोजेक्टचं काय झालं गं?" मी म्हटलं, "काकू, प्रोजेक्ट नव्हताच तो. एका होमस्टेमध्ये कामाला जाते ती. खोल्या आवरते, स्वयंपाक करते, पाहुण्यांचं बघते. महिना अठरा हजार, राहणं-जेवण वेगळं." काकू जराशा थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझी नात विचारत होती. तिला कुठे असं मिळेल का?"

मी म्हटलं, मिळेल की. पाठवा तिला माझ्याकडे. आधी तिला पगार किती विचारायचा ते शिकवते, आणि दाराला आतून कडी आहे का, तेही.